आद्य-तुर्किक नामे आणि त्यांची विभक्तिरूपे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुर्किक भाषांच्या पूर्वजभाषेबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, पुढचे हळूहळू अवघड होत जातात. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथे क्रमांक दिला आहे. 'तुर्किक' हा शब्द सगळ्या भाषाकुळासाठी आणि 'तुर्की' हा फक्त तुर्कस्तानच्या भाषेसाठी वापरला आहे. ही दोन नावे एकमेकांत मिसळली की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

1. आद्य-तुर्किक म्हणजे तुर्कस्तानची जुनी भाषा का?

नाही. तुर्की ही तिच्या बऱ्याच वंशजांपैकी एक. अझरबैजानी, तुर्कमेन, उझबेक, कझाख, किरगीझ, उइगुर, तातार, तुवान, खाकास, ईशान्य सैबेरियातली याकूत, मध्य इराणमधली खलज आणि व्होल्गाकाठची चुवाश या सगळ्या एकाच भाषेतून निघाल्या. त्या मूळ भाषेला आपण आद्य-तुर्किक म्हणतो. ती मंगोलिया आणि दक्षिण सैबेरियाच्या परिसरात बोलली जात असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिची पहिली मोठी फूट, म्हणजे आजच्या चुवाशची शाखा वेगळी होणे, इसवी सनाच्या सुरुवातीच्या आगेमागे धरली जाते.

आणखी एक गल्लत नेहमी होते. मंगोलियातल्या ओर्खोन खोऱ्यातले शिलालेख (क्युल तेगिनचा 732 सालचा, बिल्गे कागानचा 735 सालचा) हे तुर्किकमधले सर्वांत जुने मोठे लेखन आहे. पण त्यांची भाषा आद्य-तुर्किक नव्हे. तोवर चुवाशची शाखा कधीच दूर गेली होती. त्या भाषेला 'प्राचीन तुर्किक' म्हणतात.

2. शब्दाआधी तारा का असतो? आणि देवनागरीतले हे शब्द वाचायचे कसे?

तारा म्हणजे 'हे रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नाही, तुलनेतून काढले आहे'. *सुब (पाणी) हे आद्य-तुर्किक रूप म्हणून ताऱ्यासह लिहायचे. ओर्खोन शिलालेखातले 'सुब' मात्र दगडावर कोरलेले आहे, त्याला तारा नाही.

वाचताना 'झ' हा 'माझा'तल्यासारखा दंत्य आणि 'च' तालव्य समजा. 'ङ' हे स्वतंत्र व्यंजन आहे, 'वाङ्मय'मधल्यासारखे. तुर्किकमध्ये ओठ गोल करून म्हटलेले ए आणि इ असे दोन स्वर आहेत. इथे त्यांच्या जागी बहुधा ओ आणि उ लिहिले आहेत. जिभेच्या मागच्या भागातून येणारी 'इ'देखील साध्या इ-नेच दाखवली आहे. ऱ्हस्व 'अ' शब्दाच्या मध्ये वा शेवटी असला तर मराठी वळणाप्रमाणे 'आ' लिहिला आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा खरा भेद फक्त प्रश्न 5 मध्ये काटेकोर पाळला आहे.

3. काहीच लिहिलेले नसताना मूळ शब्द कळतो कसा?

'पाय' हा शब्द घेऊ. तुर्कीत आयाक, खाकासमध्ये अझाख, याकूतमध्ये अताख, प्राचीन तुर्किकमध्ये अदाक, खलजमध्ये हदाक आणि चुवाशमध्ये उरा. वरवर पाहता हे सहा वेगळे शब्द आहेत. पण मधल्या व्यंजनाकडे पाहा: य, झ, त, द, द, र. हेच नाते दुसऱ्या शब्दांतही त्याच भाषांत त्याच क्रमाने दिसते. नियमित जुळणी हाच पुरावा आहे, नुसते साम्य नव्हे. या सगळ्यांच्या मुळाशी 'द' धरला की प्रत्येक भाषेतला बदल सरळ समजतो. खलजमधला सुरुवातीचा ह हा इतर भाषांनी गमावलेल्या व्यंजनाचा अवशेष मानला जातो. म्हणून काही अभ्यासक *हदाक लिहितात, काही *पदाक. तो ह किती जुना आहे हे गेरहार्ड ड्योर्फर यांनी खलजच्या अभ्यासातून लक्षात आणून दिले, आणि तेव्हापासून मध्य इराणमधल्या मोजक्या गावांत बोलल्या जाणाऱ्या या भाषेला तुलनेत मोठे वजन आले.

या बदलाची जाण फार जुनी आहे, हे मला विशेष वाटते. 11व्या शतकात महमूद अल-काश्गरीने बगदादमध्ये तुर्किकचा अरबी कोश रचला. काही टोळ्या अदाक म्हणतात आणि काही अझाक, हे त्याने तेव्हाच नोंदवले आहे.

प्रत्ययांची पुनर्रचनाही याच रीतीने होते. फक्त प्रत्यय आखूड असतात, एक-दोन ध्वनींचे. त्यामुळे योगायोगाचा धोका जास्त आणि सावधगिरीही तितकीच जास्त लागते.

4. प्रत्येक चर्चेत चुवाशचे नाव का निघते?

कारण कुळाची पहिली फांदी तीच आहे. बाकी सगळ्या जिवंत भाषा एका बाजूला आणि चुवाश एकटी दुसऱ्या बाजूला. तिच्या शाखेतल्या बाकीच्या भाषा, उदाहरणार्थ व्होल्गा-बुल्गारांची, मेल्या. व्होल्गा-बुल्गारांचे 13व्या-14व्या शतकातले थडग्यांवरचे अरबी लिपीतले लेख तेवढे उरले.

ठळक फरक असा: इतर भाषांत जिथे झ आहे तिथे चुवाशमध्ये र येतो, आणि जिथे श आहे तिथे ल. तुर्की दोकुझ (नऊ), चुवाश तह्हर. तुर्की किझ (मुलगी), चुवाश हेर. तुर्की यिल्दिझ (तारा), चुवाश शल्तर. तुर्की ताश (दगड), चुवाश चुल. तुर्की किश (हिवाळा), चुवाश हेल.

हंगेरियन ही तुर्किक भाषाच नव्हे. पण मज्यार लोक 9व्या शतकाच्या अखेरीस आजच्या हंगेरीत उतरले, त्याआधी त्यांनी चुवाशच्या नात्यातल्या भाषेकडून शब्द घेतले होते. बैलाला हंगेरियनमध्ये ओकोर म्हणतात, चुवाशमध्ये वकर, तुर्कीत ओकुझ. जुळ्यांना इकेर, तुर्कीत इकिझ. समुद्राला तेंगेर, तुर्कीत देनिझ. म्हणजे र-चा उच्चार निदान तेव्हापासूनचा आहे.

मूळ ध्वनी र-सारखा होता की झ-सारखा, यावर अभ्यासक अजून भांडतात. त्यामुळेच एका पुस्तकात 'दगड' *ताश दिसतो आणि दुसऱ्यात शेवटी खूण केलेला ल. दोन्ही पुस्तके एकाच शब्दाबद्दल बोलत असतात, मतभेद चिन्हाच्या वाचनाचा असतो.

विभक्तीच्या बाबतीत चुवाशचे महत्त्व याहून मोठे आहे. एखादा प्रत्यय इतर सगळ्या भाषांत असला तरी तो आद्य-तुर्किकमध्ये होता असे लगेच म्हणता येत नाही. तो फूट पडल्यावर एका बाजूला जन्मलेला असू शकतो. चुवाशमध्ये त्याचे भावंड नियमाने मिळाले, तरच तारा लावून लिहिण्याचे धाडस करावे.

5. 'घोडा' आणि 'नाव' दोन्ही तुर्कीत 'अत'सारखेच ऐकू येतात. मूळ शब्द एकच होता का?

मुळीच नाही. घोडा *अत आणि नाव *आत, फरक स्वराच्या लांबीचा. तुर्कमेन आणि याकूत या भाषांनी तो आजवर टिकवला आहे: घोडा अत, नाव आत. खलजनेही ही जुनी लांबी जपली आहे. तुर्कीने लांबी गमावली, पण माग ठेवला. 'माझा घोडा' अतिम होतो आणि 'माझे नाव' अदिम. दीर्घ स्वरामागचा त मृदू होऊन द झाला, ऱ्हस्वामागचा तसाच राहिला. चुवाशमध्ये तर शब्दच पूर्ण वेगळे झाले: घोडा उत, नाव यात.

'गवत' आणि 'आग' यांचीही अशीच जोडी आहे. याकूतमध्ये गवत ओत आणि आग उओत, तुर्कीत ओत आणि ओद. नामांची पुनर्रचना करताना फक्त तुर्कीवर भिस्त ठेवू नये, ते यामुळेच.

6. नामाला लिंग असते का? विशेषण विभक्ती घेते का?

दोन्हींचे उत्तर 'नाही'. लिंग नाही, आणि सर्वनामातही 'तो-ती-ते' हा भेद नाही. विशेषण नामाआधी जसेच्या तसे उभे राहते. हे सगळ्या शाखांत सारखे आहे, त्यामुळे आद्य-तुर्किकबद्दल खात्रीने सांगता येते.

7. अनेकवचनाचा -लार प्रत्यय आद्य-तुर्किकमध्ये होता ना?

इथे थांबावे लागते. तुर्की, उझबेक, कझाख, याकूत, सगळीकडे -लार वा त्याचे रूपांतर आहे. चुवाशमध्ये मात्र अनेकवचन -सेम ने होते, आणि त्याचा -लारशी ध्वनिनियमाने संबंध जोडता येत नाही. म्हणजे -लारला पहिल्या फुटीपलीकडे नेणारा साक्षीदारच नाही.

प्राचीन तुर्किक पाहिली की शंका बळावते. क्युल तेगिनच्या लेखात -लार प्रामुख्याने माणसांना लागतो, तेही आदराच्या वा नात्याच्या माणसांना: ओग्लेरिम (माझ्या माता), एकेलेरिम (माझ्या थोरल्या बहिणी). प्राणी आणि वस्तूंना तो सहसा लागत नाही. संख्या आली की अनेकवचनाची गरज नसते, तसेच आजही तुर्कीत चालते.

त्याच्या आधीचे काही तुकडे मात्र दिसतात. ओगुल (मुलगा) वरून ओग्लान, एर (पुरुष) वरून एरेन. इथला -आन हा जुना समूहवाचक. तुर्कीत 'ओग्लान'चा उच्चार ओलान झाला आणि अर्थ पुन्हा एकवचनी 'मुलगा' झाला, म्हणजे प्रत्ययाची जाण पार पुसली गेली. तेगिन (राजपुत्र) वरून तेगित, तार्कान (एक पदवी) वरून तार्कात अशीही रूपे आहेत. पण ती पदव्यांपुरतीच असल्याने तो -त शेजारच्या भाषेतून आला असावा.

सर्वांत भक्कम तुकडा सर्वनामांत आहे. बेन (मी) आणि बिझ (आम्ही), सेन (तू) आणि सिझ (तुम्ही). चुवाशमध्ये मी एपे, आम्ही एपिर. तू एसे, तुम्ही एसिर. झ-ला र, अगदी प्रश्न 4 मधल्या नियमाने. हा शेवटचा ध्वनी अनेकत्वाचा होता आणि तो फुटीच्या आधीचा आहे, हे खात्रीने म्हणता येते.

8. आद्य-तुर्किकमध्ये विभक्ती किती होत्या?

एकच आकडा सांगणारी पुस्तके मिळतील. मी तो सांगत नाही, कारण काही प्रत्यय विभक्तीचे की क्रियाविशेषणाचे, यावर आकडा बदलतो. भक्कम गाभा सांगतो.

प्रथमेला प्रत्यय नाही: *एब (घर). द्वितीयेचा *-ग: प्राचीन तुर्किक एबिग. चतुर्थीचा *-का/-के: एब्के. सप्तमीचा *-दा/-दे: एब्दे. षष्ठीचा *-ङ, आधी जोडस्वर घेऊन आणि स्वरान्त शब्दापुढे न घेऊन: एबिङ. दोन रूपे दिसतात ती स्वरसंगतीमुळे. शब्दात आ-ओ-उ यांसारखे मागचे स्वर असतील तर -दा, पुढचे असतील तर -दे.

यांच्या बाहेर एक दुसरे वर्तुळ आहे: तृतीयेचा -न, दिशादर्शक -गारु/-गेरु, 'च्यासारखे' दाखवणारा -चा/-चे, आणि -रा/-रे. प्राचीन तुर्किकमध्ये हे जिवंत आहेत, पण आज बऱ्याच भाषांत ते गोठलेल्या शब्दांतच भेटतात (प्रश्न 14).

9. मराठीतल्या सामान्यरूपासारखे काही तुर्किकमध्ये आहे का?

मराठीत 'घर'चे 'घरा' झाल्याशिवाय 'त' लागत नाही, 'पाणी'चे 'पाण्या' झाल्याशिवाय 'ला' लागत नाही. तुर्किक नामाला हे बंधन नाही. एब-दे, सुब-दा, प्रत्यय थेट मूळ शब्दाला चिकटतो. आद्य-तुर्किकसाठीही तसेच मानतात.

पण दोन जागी सामान्यरूप दिसतेच: सर्वनामांत (प्रश्न 11) आणि 'त्याचा' या अर्थाच्या प्रत्ययानंतर. तुर्कीत 'घरात' एव्दे, पण 'त्याच्या घरात' एविन्दे. मध्ये एक न उगवला. क्युल तेगिनच्या लेखाची सुरुवात पाहा: वर निळे आकाश, खाली तपकिरी धरती घडली तेव्हा त्यांच्या मध्ये 'किशि ओग्लि', माणसाचा पुत्र, घडला. आणि लगेच पुढे: 'किशि ओग्लिन्ता उझे', माणसाच्या पुत्रांवर, माझे पूर्वज बुमिन कागान आणि इस्तेमि कागान राज्य करू लागले. ओग्लि आणि ओग्लिन्ता. तोच न.

हा न आद्य-तुर्किकचा आहे का? चुवाश सांगते, होय. हुला म्हणजे शहर, 'शहरात' हुलारा. 'शुपाशकार शहरात' म्हणायचे तर 'शहर'ला 'त्याचे' हा प्रत्यय लागून हुलि होते आणि सप्तमीत शुपाशकार हुलिन्चे. न पुन्हा हजर. दीड-दोन हजार वर्षे वेगळ्या राहिलेल्या शाखांत एकाच जागी एकच अनियमितता सापडते, तेव्हा ती नव्याने निर्माण झाली असे म्हणणे फार कठीण आहे. नियमित रूपे शेजाऱ्याकडून उसनी घेता येतात किंवा नव्याने घडवता येतात. असा अडचणीचा न कोणी मुद्दाम घेत नाही. म्हणून पुनर्रचनेत माझा भरवसा या न-वर कुठल्याही सरळसोट प्रत्ययापेक्षा जास्त आहे.

उझबेकने हा न टाकून दिला आहे. तिथे 'त्याच्या घरात' उयिदा. फक्त उझबेक पाहिली असती तर हा दुवा हातचा गेला असता.

10. द्वितीयेचे प्रत्यय वेगवेगळ्या भाषांत इतके वेगळे का?

कारण प्राचीन तुर्किकमध्येच ते तीन होते आणि वंशजांनी वेगवेगळे निवडले. साध्या नामाला -ग: बुदुन (लोक), बुदुनुग (लोकांना). मालकीच्या प्रत्ययानंतर -न: साब (शब्द), साबिमिन (माझा शब्द, कर्म म्हणून). सर्वनामाला -नि: अनि (त्याला).

पुढे तुर्कीत शेवटचा ग गळाला आणि फक्त स्वर उरला, म्हणून एबिगचे आज एवि होते. कझाख, उइगुर, उझबेक यांनी सर्वनामाचा -नि उचलून सगळ्या नामांना लावला. चुवाशमध्ये द्वितीया आणि चतुर्थी एकच झाल्या. मराठी वाचकाला ते चटकन पटेल, कारण आपणही 'रामाला पाहिले' आणि 'रामाला दिले' दोन्हीकडे -ला वापरतो. मात्र चुवाशची ही एकरूपता तिच्यातच नंतर घडली आहे, तिच्यावरून आद्य-तुर्किकमध्येही दोन्ही एकच होत्या असा निष्कर्ष काढू नये.

11. तुर्कीत 'बेन'चे 'बाना' कसे होते? 'बेने' का नाही?

शिकणाऱ्या प्रत्येकाला हे खटकते. 'मी' बेन, 'मला' (कर्म) बेनि, 'माझे' बेनिम, पण 'मला' (देताना) बाना. तसेच सेन आणि साना.

उत्तराचे पहिले पाऊल प्राचीन तुर्किकमध्ये सापडते. तिथे रूप बाङा आहे. ङ म्हणजे न आणि चतुर्थीचे कंठ्य व्यंजन यांचा जोड. हाच जोड मालकीच्या न-नंतरही होतो. क्युल तेगिनच्या लेखात चार दिशांचे वर्णन आहे: 'इल्गेरु कुन तोग्सिक्का, बिरिगेरु कुन ओर्तुसिङारु, कुरिगारु कुन बात्सिकिङा, यिरिगारु तुन ओर्तुसिङारु'. पूर्वेला सूर्योदयापर्यंत, दक्षिणेला मध्यान्हाकडे, पश्चिमेला सूर्यास्तापर्यंत, उत्तरेला मध्यरात्रीकडे. तोग्सिक्कामध्ये मालकीचा प्रत्यय नाही, म्हणून साधा -का. बात्सिकिङामध्ये तो आहे, म्हणून न आणि -का मिळून -ङा. ओर्तुसिङारुमध्ये तेच -गारुचे झाले. एका ओळीत चतुर्थी आणि दिशादर्शक, दोन्हींची साधी आणि न-युक्त रूपे मिळतात. शिकवायला याहून चांगले वाक्य मला माहीत नाही.

दुसरे पाऊल स्वराचे. बेनमधला ए आणि बाङामधला आ जुळत नाहीत. चुवाशमध्ये प्रथमा सोडून सगळीकडे आ आहे: मानान (माझे), माना (मला), मान्रा (माझ्यापाशी). त्यावरून सर्वनामाचे सामान्यरूप *बान- असे आ-चे असावे आणि बाना हा त्याचा उरलेला तुकडा असावा, असा एक सयुक्तिक तर्क आहे. 'ब'चा 'म' झाला तो पुढच्या नासिक्य ध्वनीमुळे, ते बऱ्याच भाषांत घडले.

12. सप्तमी आणि पंचमी एकच होत्या का?

ओर्खोन शिलालेखांत बहुतेक वेळा होय. -दा 'मध्ये'ही सांगतो आणि 'पासून'ही. तोन्युकुक या तुर्क मंत्र्याच्या लेखात तुर्क लोक 'ताबगाचदा अद्रिल्ति', चीनपासून वेगळे झाले. अर्थ क्रियापदावरून ठरतो.

पण क्युल तेगिनच्या लेखातच 'कान्तान', म्हणजे 'कुठून', असेही रूप आहे. तुर्कीत स्वतंत्र पंचमी -दान आहे, चुवाशमध्ये -रान/-तान. दोन्ही शाखांत न-युक्त रूप असल्याने ते जुने म्हणण्याचा मोह होतो. मी इथे मत राखून ठेवतो. सप्तमीवर न जोडून पंचमी बनवणे दोन्हीकडे स्वतंत्रपणेही घडू शकते. याकूतमध्ये तर -ता हा प्रत्यय 'थोडेसे, त्यातले काही' या अर्थाला जाऊन बसला आणि 'मध्ये'साठी चतुर्थी वापरली जाऊ लागली.

13. षष्ठी असूनही 'किशि ओग्लि'मध्ये ती का नाही?

कारण संबंध दाखवायला षष्ठीची गरजच नव्हती. किशि (माणूस), ओगुल (पुत्र) आणि 'त्याचा' हा प्रत्यय: 'माणूस पुत्र-त्याचा'. खूण मालकावर नाही, मालकीच्या वस्तूवर आहे. तुर्कीत आजही दोन्ही प्रकार चालतात. 'एव कापिसि' म्हणजे घराचा दरवाजा हा प्रकार, आणि 'एविन कापिसि' म्हणजे त्या विशिष्ट घराचा दरवाजा. याकूतने तर षष्ठी टाकूनच दिली आणि फक्त वस्तूवरच्या खुणेवर भागवले.

14. नाहीशा झालेल्या विभक्ती कुठे सापडतात?

रोजच्या शब्दांत. तुर्कीतले किशिन (हिवाळ्यात) आणि याझिन (उन्हाळ्यात) यांतला -न म्हणजे जुनी तृतीया. 'पायी' या अर्थाचा यायान हा ओर्खोनमधल्या यादागिनचा वंशज, तोही तृतीयेतला. इचेरि (आत), दिशारि (बाहेर), इलेरि (पुढे) यांत दिशादर्शक -गेरु/-गारु झिजून बसला आहे. सोन्रा (नंतर) आणि ताश्रा (राजधानीबाहेरचा मुलूख) यांत -रा आहे. ताश म्हणजे बाहेर. दगडाचा ताश वेगळा, त्याचा स्वर मुळात दीर्घ होता. आणि भाषेचे नाव तुर्क्चे हा -चे प्रत्ययाचाच शब्द, 'तुर्कांच्या रीतीने'.

तुर्की बोलणाऱ्याला यात विभक्ती जाणवत नाही. नव्या शब्दाला हे प्रत्यय मोकळेपणाने लावता येत नाहीत, -चे सोडून. पण अशा गोठलेल्या शब्दांमुळेच प्राचीन प्रत्ययांची साखळी जोडता येते.

15. चुवाशमधल्या बाकी विभक्ती, जसे 'सह' किंवा 'साठी', त्याही जुन्या का?

नाहीत. 'सह' अर्थाचा -पा हा प्राचीन तुर्किकमधल्या बिर्ले (बरोबर) या शब्दाच्या कुळातला मानला जातो. तुर्कीतला -ले हा इले या स्वतंत्र शब्दावरून आला. शब्दयोगी अव्यय झिजून प्रत्यय होणे हे भाषांत सतत चालते. म्हणून एखाद्या भाषेत विभक्ती जास्त आहेत एवढ्यावरून ती जास्त जुनी ठरत नाही.

16. एकाच नामावर बरेच प्रत्यय आले तर क्रम काय?

मूळ शब्द, मग अनेकवचन, मग मालकी, शेवटी विभक्ती. तुर्की एव्-लेर्-इम्-दे, 'माझ्या घरांमध्ये'. मालकी आधी आणि विभक्ती नंतर हा क्रम दोन्ही शाखांत आहे, त्यामुळे तो आद्य-तुर्किकसाठी धरायला हरकत नाही. अनेकवचनाची अडचण प्रश्न 7 मध्ये आलीच आहे.

17. मग मंगोल, जपानी यांच्याशी नाते? अल्ताई कुळाचे काय?

तुर्किक, मंगोल, तुंगुस आणि काहींच्या मते कोरियन-जपानी यांचे एक कुळ आहे, अशी ती मांडणी. रामस्टेट आणि पोप्पे यांनी ती उभी केली, क्लॉसन आणि ड्योर्फर यांनी जोरदार विरोध केला. विरोधकांच्या मते साम्य शेकडो वर्षांच्या शेजाराने आणि उसनवारीने आले आहे. आज बहुतेक ऐतिहासिक भाषावैज्ञानिकांना हे कुळ सिद्ध वाटत नाही. आद्य-तुर्किक विभक्तींची पुनर्रचना या वादावर अवलंबून नाही. ती तुर्किक भाषांच्या आतल्या पुराव्यावर उभी राहते आणि तशीच ठेवावी.

18. मराठीत आलेल्या तुर्किक शब्दांत हे प्रत्यय दिसतात का?

विभक्तीचे नाही, पण नामांचे दोन प्रत्यय नक्की दिसतात. खजिनची, मशालची, तोफची यांतला -ची हा 'ते काम करणारा' असे सांगणारा तुर्किक -चि, फारसीमार्गे आपल्याकडे आलेला. क्युल तेगिनच्या लेखात 'बेदिझ्चि' (कोरीव काम करणारा), 'योग्चि' (अंत्यविधीला येणारा) असे त्याचे शब्द आहेत. म्हणजे मराठी शब्दातला हा तुकडा निदान तेराशे वर्षे जुना आहे. दुसरा प्रत्यय बेगम आणि खानम यांत. बेग आणि खान यांना 'माझा' अर्थाचा -म लागून ते झाले, अशी सर्वमान्य व्युत्पत्ती आहे. हा -म प्रश्न 5 मधल्या 'अदिम'मध्येही आहे.

19. चुवाशमध्ये सप्तमी -रा आहे आणि प्राचीन तुर्किकमध्येही -रा आहे. तो एकच प्रत्यय ना?

नाही. अभ्यास पुढे गेलेले वाचकही इथे फसतात, कारण ध्वनी एक, अर्थही जवळचा.

चुवाशमधला -रा हा मूळ *-दा आहे. स्वरांमध्ये आलेल्या द-चा तिथे र होतो, तसाच जसा *हदाकचा उरा झाला (प्रश्न 3). पुरावा प्रत्ययाच्या दुसऱ्या रूपात आहे: ल, न, र यांच्यापुढे तो -ता असतो. यल म्हणजे गाव, 'गावात' यल्ता. शुपाशकार, 'शुपाशकारमध्ये' शुपाशकार्ता. मूळ प्रत्यय र-चाच असता तर या ता-ला काही कारण उरत नाही. मूळ द धरला की दोन्ही रूपे सरळ निघतात, आणि हुलिन्चेमधला च (प्रश्न 9) हाही न-पुढच्या त्याच दंत्य व्यंजनाचा पुढचा बदल ठरतो.

ताश्रा आणि सोन्रामधला प्राचीन -रा याच्याशी असंबंधित आहे. तो प्राचीन तुर्किकमध्येही -दाच्या शेजारी, वेगळ्या कामाला हजर होता. क्युल तेगिनच्या पहिल्याच ओळीत 'अस्रा' (खाली) हा शब्द आहे आणि त्याच वाक्यात 'किलिन्तुक्दा' (घडले तेव्हा) हाही. एकाच वाक्यात दोन्ही प्रत्यय वेगवेगळे वापरलेले असताना त्यांना एक मानता येत नाही.